बाकामागची रेघ

वरठी,
१४ ऑक्टोबर २०२४

राखीताई,

मागच्या वेळी फोनवर मी ओरडलो आणि तू फोन ठेवून दिलास. नंतर म्हणालीस, "आता काही सांगायचं असेल तर लिहून पाठव, लिहिताना तरी माणूस श्वास घेतो." म्हणून हा कागद. सुंदरबाई रोज सकाळच्या गाडीनं शिंगाडे विकायला नागपूरला येते, तिच्या टोपल्यात ठेवून देतो. कागदाला तळ्याच्या चिखलाचा वास आला तर समजून घे.

आधी कामाचा प्रश्न. तू घरं विकणाऱ्यांच्या ऑफिसात बसतेस, तुला ठाऊक असणार. घराच्या मागच्या बागेत लाकडाचा डेक बांधला तर घर लवकर विकलं जातं की अडकून राहतं? अडकतं, असं लिही. मला तेच पाहिजे.

आता कारण. हसायचं नाही.

पॉलिटेक्निक सोडल्याचं मला काही वाटत नाही. सरांनी भर वर्गात बाबांचा उद्धार केला, मी ड्रॉइंग बोर्ड फेकला, विषय संपला. आई, म्हणजे तुझी मावशी, अजून रडते, ते वेगळं. पण तेव्हापासून मी तेजराम मिस्त्रीकडे लाकूडकाम शिकून राहिलो आणि हाताला बरं वळण लागलं आहे. तर गेल्या महिन्यात मिस्त्रींना भंडाऱ्यातून एक काम आलं. टिकारामकाका म्हणून आहेत, जवाहरनगरच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले. नदीकडच्या खालच्या लाइनीत त्यांचं घर. ते विकून मुलाजवळ, मोनूजवळ, पुण्याला जायचं म्हणतात. विकण्याआधी मागच्या दाराला लागून डेक पाहिजे. घरच्या उंबऱ्याच्या पातळीवर, बागेत पुढे आलेला, वर बसलं की वैनगंगा दिसेल असा.

हा डेक कोणाच्या डोक्यातून निघाला? त्यांच्या मुलीच्या. प्रतिक्षा. तिनं मोबाइलवर चित्र दाखवलं आणि म्हणाली, "असा येते का तुमाले?" ताई, मला मिस्त्रीनं पण कधी "तुमाले" म्हटलं नाही. मी म्हटलं, येते. कधी केला नव्हता.

परवा दसऱ्याला संध्याकाळी मी सोनं द्यायला गेलो. घरात पाहुणे होते, ती गडबडीत होती. तरी दारात आली, आपट्याची पानं घेतली आणि पर्समध्ये ठेवली. टेबलावर नाही, पर्समध्ये.

घर विकलं गेलं तर ती पुण्याला जाणार. नाही विकलं तर राहणार. काम मलाच करायचं आहे, आणि त्यानं गिऱ्हाईक पळालं पाहिजे. सांग, पळते का?

तुझा
भूपेंद्र


नागपूर,
१७ ऑक्टोबर

भूप्या,

चिखलाचा वास आला, सोबत दोन शिंगाडेही आले. ते तू पाठवलेस की टोपल्यातून चुकून चिकटले, सुंदरबाईला विचार. मी खाऊन टाकले.

तुझा प्रश्न येडपट आहे, पण उत्तर देते. डेक फोटोत छान दिसतो. फोटो पाहून लोक येतात, हे खरं. पुढचं सांगते. मागच्या वर्षी आमच्याकडे असंच एक घर होतं. नवरा-बायको आले, डेकवर उभे राहिले, हातात हात घेतला, झालंच म्हणायचं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याची आई आली. तिनं विचारलं, "पापड कुठं वाळवायचे? फटीतून खाली पडतीन. अन् खाली साप बसला तं काढाले कोण जाईन?" तिसऱ्या दिवशी ते दुसरीकडे घर पाहत होते. त्यातून लाकडाला उदई-वाळवी लागण्याची भीती, दरवर्षी तेल, पावसाळ्यात शेवाळ. थोडक्यात असं की सून पाहायला आली तर डेक मदत करतो, सोबत सासू आली तर घात करतो.

आमचे मोठे साहेब जुने आहेत. ते कुठलाही डेक पाहिला की एकच विचारतात, "याच्या खाली काय आहे?" त्यांचं म्हणणं, विकायच्या तोंडावर कोणी हौस करत नाही. काहीतरी झाकायचं असतं. फुटलेली फरशी, खचलेला पाया, गटार.

पण मुद्दाम खराब काम करशील तर मिस्त्रीचं नाव जाईल. काम चोख कर. आणि त्या पोरीला सरळ तोंडानं विचार. पर्समध्ये तर मी बसचं तिकीटही ठेवते.

काम कसं चाललं, फोटो टाक. तुझा हात पाहू दे.

राखीताई


वरठी,
२९ ऑक्टोबर

ताई,

फोटो तुझ्या फोनवर टाकले आहेत, पाहिले असशील. ऐनाचं लाकूड आहे. सगळ्या फळ्यांना स्वतः रंधा मारला, जवसाचं तेल पाजून राहिलो, दोन हात झाले, तिसरा दिवाळीनंतर. मिस्त्री दुसऱ्या साइटवर आहेत, इथं मी एकटा राजा. काल येऊन फळ्यांवर हात फिरवून गेले आणि म्हणाले, "काहून बे, इतकं जीव लावून तं मी माहं स्वतःचं घर नाही केलं." खराब काम करणार होतो गं. हातानं ऐकलं नाही.

तुझं गणित खरं निघालं. दोन गिऱ्हाइकं आली आणि गेली. पहिल्यासोबत सासू होती! तिनं साप नाही विचारला, तिनं विचारलं तुळस कुठं ठेवायची. दुसरा एकटाच आला, त्याला मात्र डेक आवडायला लागला होता. मी बाजूला पॉलिश पेपर घासत होतो. हळूच म्हटलं, "या बाजूले उदई लय आहे जी." गेला. काकांना कळलं नाही. प्रतिक्षाला कळलं असावं, तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. निदान मला तसं वाटलं.

आता खरी गोष्ट. परवा ती चहा घेऊन आली, माझ्याजवळ पायरीवर बसली आणि म्हणाली, "एक बाक पण करा नं. भिंतीले लागून. दोघंजण आरामात बसले पाहिजे." मी म्हटलं, "पाठ लावू?" ती म्हणाली, "हाव, पाठ तं पाहिजेच. खालपासून वरपर्यंत बंद, फट नको मधात." दोघंजण, ताई. नीट वाच.

त्या भिंतीवर एक गंमत आहे. रंभाकाकूंनी, म्हणजे तिच्या आईनं, गेरूची एक आडवी रेघ ओढली आहे, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यावर हळदकुंकू वाहतात. मी आधी विचारलं तर प्रतिक्षा म्हणाली, "आईचं देवाचं आहे, तिच्या अंगावर खिळा मारू नका. बाकानं झाकलं तं चालते." बाहेरची बाकी भिंत काकांनी रंगवून घेतली, तेवढ्या पट्ट्याला काकूंनी रंगाऱ्याला हात लावू दिला नाही म्हणे. घरात दोन दिवस अबोला होता. मग काकांनी मध्यम मार्ग काढला, पुसायचं नाही, झाकायचं. म्हणून मी बाकाची पाठ भिंतीपासून बोटभर पुढे धरली, खालच्या चौकटीला स्क्रूनं कसली. रेघेला धक्का नाही. अशी देवभोळी सासू मिळाली तर काय वाईट?

दिवाळीला येशील का? आई अनारसे करून राहिली.

भूपेंद्र


नागपूर,
४ नोव्हेंबर

भूपेंद्र,

दिवाळीला येता आलं नाही, ऑफिसात काम होतं. मावशीला सांग.

एक काम कर. ती रेघ घराच्या आतल्या फरशीपासून किती उंच आहे ते मोजून कळव. आणि कोणत्या सालापासून आहे तेही. सहज विचारते आहे. कोणाशी बोलू नको.

डेकचे फोटो फार सुंदर आले आहेत. बाकाचा समोरून, नदी दिसेल असा एक पाठव.

राखीताई


वरठी,
९ नोव्हेंबर

ताई,

एक हात आणि चार बोटं. वीस सालापासून.

तुला वाचूनच समजलं होतं नं? मलाच समजलं नाही. मी त्या साली लॉकडाऊनमध्ये मामाकडे साकोलीला होतो. पूर आला हे माहीत होतं, पण कोणाच्या घरात किती पाणी चढलं हे मला काय माहीत.

मी बाकामागच्या फटीत फूटपट्टी घालून राहिलो होतो तर काकू हळद घेऊन आल्या. मी विचारलं तर किती सहज सांगितलं त्यांनी. "माय इथवरी आली होती बाबू. घरात आली, चुलीपर्यंत आली, अन् आल्या पावली वापस गेली. तिची निशानी कशी पुसाची? पुसली तं ते म्हणन, हे लोकं मले विसरले, पुन्हा जाऊन सांगा लागते." मग पुढे झुकून म्हणाल्या, "हे म्हणतात गिऱ्हाईक भिते. भ्यालंच पाहिजे नं. नदी आहे ते."

माझं डोकं फिरलं. डेक, बाक, बंद पाठ, सगळं त्या रेघेसाठी. मी हातोडी घेऊन उठलो. खरंच उठलो, पहिल्याच फळीला हातोडीचं टोक घातलं होतं. प्रतिक्षा धावत आली. मागचं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "बाबांची अख्खी नोकरी या घरात गेली. पुराचं कळलं तं कोणी उभं राहणार नाही. या लाइनीत कोणी बोलते का? उद्या सगळ्याईलेच विकाचं आहे." मी म्हटलं, "अन् घेणाऱ्याचं काय?" ती रडली. माझा हात घेतला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माह्या डोक्यावर हात ठेवून सांगा, बोलणार नाही. एकडाव घर विकलं की सारं मार्गी लागते."

सारं मार्गी लागते. ताई, मी आजवर उलटा विचार करत होतो. घर विकलं नाही तर ती राहील, असा. पण काकांच्या डोक्यावरचा भार उतरल्याशिवाय ती आपलं बोलणार कशी? घर विकलं की बोलेल. पुणे काय, मी पुण्याला येईन, लाकूड तिथंही कापतात.

मी शब्द दिला. हातोडी ठेवली. आता तूही बोलणार नाहीस. तुला माझी शपथ आहे. तुझ्या ऑफिसात, घरात, कुठंच नाही.

बाकाचा फोटो टाकला आहे. नदी दिसते.

भूपेंद्र


वरठी,
२५ नोव्हेंबर

ताई,

काल रविवारी तू काकांच्या दारातून आलीस, तेव्हा माझ्या हातातून तेलाचा डबा पडता पडता राहिला. पाठीमागे निर्मलाबाई, घर पाहायला. मला वाटलं तू मला भेटायला आलीस. तू मला "भाऊ, जरा बाजूला व्हा" म्हणालीस.

भाऊ म्हणालीस ते ठीक. पण ओळख दाखवली नाहीस. दहा किलोमीटरवर वरठीला मावशी आहे, घोटभर पाणी प्यायला गेली नाहीस. गिऱ्हाईक तू आणलंस हे आधी सांगितलं का नाही? माझेच फोटो तू ऑफिसात लावलेस, असं त्या बाई बोलताना कळलं.

त्या चांगल्या वाटल्या गं. पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या, उभं राहून पाय गेले म्हणे. बाकावर मी माझ्या गमछ्यानं जागा पुसून दिली. बसल्या, पाठ टेकली, डोळे मिटले. मग उघडून काकांना सरळ विचारलं, "पुराचं पाणी इथवर येतं का हो?" काका म्हणाले, "छे छे, बागेतल्या आंब्यापर्यंतही नाही." तू नदीकडे पाहत होतीस. प्रतिक्षा माझ्याकडे पाहत होती. मी डबा घट्ट धरून उभा होतो.

जाऊ दे. झालं ते झालं. विकलं तर विकलं. तू हे माझ्यासाठी करत असशील तर तसं लिही.

भूपेंद्र


नागपूर,
२८ नोव्हेंबर

भूपेंद्र,

कामाच्या ठिकाणी नाती दाखवायची नसतात, गैरसमज होतात. मावशीकडे पुढच्या वेळी नक्की येईन.

व्यवहार ठरला आहे. डिसेंबरात रजिस्ट्री. तोवर शांत राहा. त्या घरी फार जाऊ नको, राहिलेलं तेल मिस्त्रींना मारू दे. तुझ्या भल्याचंच सांगते आहे. तू सांगितलंस तसंच मी गप्प आहे.

राखीताई


वरठी,
३० डिसेंबर

राखी,

ताई लिहिणार नाही.

रजिस्ट्री तेवीसला झाली. मी चार दिवस थांबलो, म्हटलं त्यांची सामान बांधण्याची गडबड असेल. सत्तावीसला गेलो. ट्रक भरून राहिला होता. मी मिस्त्रीकडून नवा शर्ट उसना घेऊन गेलो होतो, काकांशी बोलायला, समजलं? काका खुशीत होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "भूपेंद्र, तुह्या डेकनं तं सोनं केलं पोरा. आता पोरीचं लग्न निचिंत होऊन जाईन." खिशातून कार्ड काढून मला दिलं. पाच फेब्रुवारी, पुणे. मुलगा मोनूच्या कंपनीतला.

मी विचारलं, कधी ठरलं? म्हणाले, "पसंती दसऱ्यालेच झाली, साक्षगंध दिवाळीनंतर झालं. घर विकल्याबिगर तारीख कशी काढाची?"

दसऱ्याला. घरात पाहुणे होते, मी लिहिलं होतं तुला. ते पाहुणे कोण होते हे मी विचारलंही नाही. मी आपट्याची पानं घेऊन दारात उभा होतो आणि आत तिची पसंती चालली होती.

प्रतिक्षा ट्रकच्या बाजूला डबे मोजत होती. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "मी तुमाले काहीच म्हटलं नव्हतं. आठवून पाहा." मी आठवून पाहिलं, राखी. रस्ताभर, सायकलवर, पुलावर थांबून. खरंच नव्हतं म्हटलं. "दोघंजण" म्हणजे गिऱ्हाईक नवरा-बायको. "मार्गी लागते" म्हणजे तिचं. पण हात तर तिनं धरला होता नं? डोक्यावर तर तिनंच ठेवला होता. ते काय होतं मग?

तरी तिच्यावर मी जेवढा चिडलो त्याच्या दुप्पट तुझ्यावर चिडलो, कारण जाता जाता काका म्हणाले, "तुही बहीण लय हुशार. तुहंच नाव सांगून आली होती, अन् तुले सांगू नका म्हणे. तिले मी पहिल्याच भेटीत सांगतलं होतं, लग्नाच्या आत विकून दे म्हणून." म्हणजे तुला लग्नाचं माहीत होतं. मी नऊ तारखेला तुला "लाकूड तिथंही कापतात" लिहून राहिलो होतो, तेव्हा माहीत होतं का? ते वाचून तू काय केलंस? हसलीस?

सरळ उत्तर दे. शिंगाडे संपले, सुंदरबाई आता वालाच्या शेंगा आणते. ती रोज येते. कागद पाठवायला अडचण नाही.

भूपेंद्र


नागपूर,
३ जानेवारी २०२५

भूपेंद्र,

हसले नाही. पण लपवलं.

टिकारामकाकांना मी सात नोव्हेंबरला पहिल्यांदा भेटले. त्याच दिवशी त्यांनी लग्नाचं सांगितलं. तीन दिवसांनी तुझं पत्र आलं. मी ते तीनदा वाचलं आणि ठरवलं की तुला सांगायचं नाही. तुला कळलं असतं तर तू त्यांच्या दारात उभा राहून रेघेचं ओरडून सगळ्या लाइनीला सांगितलं असतंस. व्यवहार मोडला असता. या वर्षात माझा एकही व्यवहार झाला नव्हता, साहेबांनी मार्चपर्यंत मुदत दिली होती. तुझे फोटो पाहिल्यावर मला समजलं की हे घर विकलं जाणार. इतका चांगला हात आहे तुझा. खरं सांगते.

निर्मलाबाईंना मी सांगितलं नाही. त्यांनी मला गाडीत वेगळं विचारलंही होतं. मी म्हटलं, मालक सांगतात ते ऐका. स्वतःला समजावलं की भूपेंद्रनं शपथ घातली आहे. तुझी शपथ मला फार सोयीची पडली.

आता मोठी बहीण म्हणून एक सांगते. रजिस्ट्री झाली आहे. पूर दरवर्षी येत नाही. कदाचित वीस वर्षं येणार नाही. तू आता तिथं जाऊन काही केलंस तर माझी नोकरी जाईल आणि तुला काहीच मिळणार नाही. ती पोरगी तर नाहीच. रागाच्या भरात एकदा कॉलेज घालवलंस. आता मला घालवू नको.

मावशीला यातलं काही बोलू नको.

राखीताई


वरठी,
१२ जानेवारी

राखीताई,

पुन्हा ताई लिहितो, कारण आता मीही तुझ्याच रांगेत आहे.

आज दुपारी गेलो. ड्रिल घेऊन. तुझा अंदाज खरा होता, रागानंच निघालो होतो. वाटेत पुलावरून ठरवलं की पूर्ण डेक उखडायचा, फळी फळी करून नदीत सोडायचा. माझं लाकूड, माझा हात, तिच्या लग्नाच्या कामी आला, राहू कसा द्यायचा?

निर्मलाबाई डेकवर तीळ निवडत बसल्या होत्या, संक्रांतीचे. मला ओळखलं. "अरे, तू तो गमछ्यानं पुसून देणारा. ये, बस. या बाकानं माझं घर ठरवलं." आणि सुपातले तीळ माझ्या हातावर ठेवले. ताई, त्या तिळांनी माझा राग असा कुठं गेला की मला तिथं काय करावं कळेना. राग होता तोवर सोपं होतं.

मी म्हटलं, "बाई, पाच मिनिटं उठा. बाकाची पाठ काढायची आहे." त्यांना वाटलं काही दुरुस्ती आहे. मी एक एक स्क्रू काढला. पाठ सुटली तशी मागून कुंकवाचा ढीग खाली पडला. मूठभर. काकू जाईपर्यंत त्या बोटभर फटीतून काडीनं कुंकू आत सोडत होत्या. मला माहीतच नव्हतं. अख्ख्या घरात एकटी तीच बाई नदीशी खोटं बोलली नाही.

निर्मलाबाई रेघेकडे पाहत राहिल्या. नर्स होत्या, समजायला वेळ लागला नाही. दारातून आत गेल्या, आतल्या भिंतीवर तेवढ्याच उंचीवर हात ठेवला, मग स्वयंपाकघरात गेल्या, तिथंही ठेवला. बाहेर आल्या.

"वीस साल?"

"हो जी."

"तू हे लावलंस तेव्हा तुला माहीत होतं?"

"लावताना नव्हतं. देवाचं आहे म्हणाले होते."

"मग केव्हापासून माहीत आहे?"

ताप केव्हापासून आहे विचारतात नं, तसं विचारलं. चढा आवाज नाही, काही नाही. मी तयारी करून गेलो होतो, ताई. प्रतिक्षानं कसं फसवलं, सख्ख्यासारख्या मावसबहिणीनं कसं फसवलं, सगळं सांगणार होतो. त्यांना फक्त तारीख पाहिजे होती.

"नऊ नोव्हेंबर," मी म्हटलं.

"अन् मी कधी आले होते?"

"चोवीसला."

बाईंनी बोटांवर मोजलं नाही. बस, माझ्या खांद्यावरच्या गमछ्याकडे पाहिलं. तोच गमछा होता.

पंधरा दिवस मी समजून राहिलो होतो की सगळ्यांनी मिळून माझा घात केला. केलाच. पण त्यांचा घात झाला तेव्हा मी जागा पुसून दिली होती.

त्या वकिलाकडे जाणार आहेत. विचारलं, लिहून देशील का. मी म्हटलं, देतो. तिथंच बसून लिहिलं. रेघेचं माहीत असून कोणी कोणी लपवलं, त्यांची नावं. टिकारामकाका. मी. तू. चौथं नाव लिहिताना पेन थांबला. डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता म्हणून नाही. पाच फेब्रुवारी डोळ्यासमोर आली म्हणून. मग लिहिलं. चार नावं आहेत. तुझ्या साहेबांनी विचारलं तर तुला धक्का बसू नये म्हणून आधी कळवतो. तू मला आधी कळवलं नव्हतंस. मी राग काढत नाही, फरक सांगतो.

तुझी नोकरी गेली तर आमच्याकडे ये. आईला मी सगळं सांगितलं आहे. ती तुझ्यासाठीही रडली.

निघताना विचारलं, "बाई, डेक काढून देऊ?" त्या म्हणाल्या, "डेकनं काय केलं? ती पाठ तेवढी घेऊन जा. मला टेकायला भिंत पुरते." आणि पाय दुखत होते म्हणून तिथंच बाकावर बसल्या, मागे सरकून भिंतीला टेकल्या. मी पाठ खांद्यावर घेतली. त्या मला सोडायला दारापर्यंत उठून आल्या, पुढे झाल्या, तर त्यांच्या पांढऱ्या साडीवर मागून, कमरेपाशी, आडवी लाल रेघ उमटली होती. गेरू आणि कुंकू. त्यांना दिसत नव्हती.

मी पायरीवर उभा राहिलो. आधीच इतकं सांगून झालं होतं. आता हे काय सांगायचं, असं मनात येऊन गेलं.

मग म्हटलं, "बाई, साडीला मागून लागलं आहे."

भूपेंद्र